सोळा म्हणजे अनंत!

विद्यार्थी मित्रहो, 'अनंत' ही संख्या नव्हे, असे तुमच्या गणिताच्या सरांनी किंवा बाईंनी तुम्हाला बजावून सांगितले असेल. कितीही मोठी संख्या घेतली तरी तिच्यात एक मिळवता येतो. तेव्हा शेवटची संख्या अशी काही नाहीच. हे अगदी खरे आहे. पण १९८८ च्या जून महिन्यात अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातल्या चार्ल्स हेड्रिक यांनी एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले आणि त्यात अनंताची किंमत चक्क आकड्यात दिली. ती किंमत आहे १६!

ही थट्टा नव्हती. इंटरनेटवर संदेशांची वाटाघाट करणाऱ्या यंत्रांनी, म्हणजे राऊटरांनी, आपापसात कसे बोलावे याचे नियम त्या टिपणात आहेत. इंटरनेटचे असे नियम 'आरएफसी' या नावाच्या क्रमांकित टिपणांत लिहिले जातात. हेड्रिक यांचे टिपण १०५८ क्रमांकाचे. त्यात मला विशेष आवडलेली गोष्ट अशी की, नियम सांगण्यापूर्वीच त्यांनी 'या पद्धतीच्या मर्यादा' असा एक स्वतंत्र परिच्छेद दिला आहे. प्रयोगवहीत आपण उपकरणाचे लघुतम माप आधी लिहितो, म्हणजे पुढच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते वाचणाऱ्याला कळते. त्यातलाच हा प्रकार. अशा काही मर्यादा कोठून आल्या आणि त्यांच्यावर कोणते तोडगे निघाले, ते आज पाहू.

राऊटरला काय ठाऊक असते?

घरात किंवा शाळेत भिंतीवर लावलेली, दिवे लुकलुकणारी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिलाही राऊटर म्हणतात. ती या कुळातली सर्वांत धाकटी. तिला फारसा विचार करावा लागत नाही, कारण बाहेर जायला तिला दार एकच. खरा पेच पडतो तो पुढच्या मोठ्या राऊटरांना. त्यांना कधी चार, कधी शंभर दारे असतात.

तुम्ही पाठवलेले पत्र असो, चित्र असो की आवाज, त्याचे आधी लहान लहान तुकडे होतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर जिथे जायचे तो पत्ता असतो. राऊटर पत्ता वाचतो, आपल्याजवळच्या मार्गतक्त्यात पाहतो आणि त्या दाराने पॅकेट पुढे सरकवतो. शेवटपर्यंतचा रस्ता त्याला ठाऊक नसतो आणि पॅकेट पोचले की नाही याची चौकशीही तो करीत नाही. परक्या गावात पत्ता विचारला की "सरळ जा, पुढच्या चौकात विचारा" असे उत्तर मिळते ना? राऊटरचे काम अगदी तसे आहे.

आता हा मार्गतक्ता भरायचा कोणी? दहा-बारा संगणकांचे जाळे असेल तर एखादा माणूस हाताने भरील. पण मोठ्या जाळ्यात कुठेतरी खोदकामात केबल तुटते, कुठे वीज जाते, कुठे नवी जोडणी सुरू होते. माणूस त्याला पुरा पडणार नाही. म्हणून राऊटर शेजारच्या राऊटरांशी बोलून आपला तक्ता आपणच भरतात. या बोलण्याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. हेड्रिक यांनी वर्णन केलेला प्रोटोकॉल म्हणजे 'रूटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल', थोडक्यात 'रिप'. टिपण लिहिले गेले त्याआधीच तो युनिक्स संगणकांवर सर्रास वापरात होता.

रिपचा नियम लहान मुलालाही समजेल असा आहे. दर ३० सेकंदांनी प्रत्येक राऊटर आपल्या शेजाऱ्यांना सांगतो, "अमुक जाळे माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे." ऐकणारा त्यात एक मिळवतो. आपल्याला आधी ठाऊक असलेल्या अंतरापेक्षा हे अंतर कमी असेल, तर तो नवे अंतर लिहून घेतो आणि पुढच्या खेपेला स्वतःच्या शेजाऱ्यांना तेच सांगतो. यामागचे गणित बेलमन आणि फोर्ड या अमेरिकन गणितज्ञांनी १९५० च्या दशकातच मांडले होते. अशा रीतीने संपूर्ण नकाशा कोणाजवळही नसताना प्रत्येकाला जवळची वाट सापडते. चांगली बातमी तर फारच झपाट्याने पसरते. अडते ते वाईट बातमीपाशी.

अफवा मोठी होत जाते

समजा, अ, ब आणि क हे तीन राऊटर एका ओळीत जोडलेले आहेत. अ ला एका ग्रंथालयाचे जाळे थेट जोडलेले आहे. तेव्हा ग्रंथालय अ पासून १ टप्प्यावर, ब पासून २ आणि क पासून ३ टप्प्यांवर आहे. सगळे सुरळीत चालले आहे.

आता अ आणि ब यांच्यामधली तार तुटली. ब च्या ते लक्षात येते आणि तो आपल्या तक्त्यातला जुना मार्ग खोडतो. पण ही बातमी सांगण्याची त्याची पाळी येण्याआधीच क ची पाळी येते. क नेहमीप्रमाणे सांगतो, "ग्रंथालय माझ्यापासून ३ टप्प्यांवर आहे." ब ला आनंद होतो! क जवळ ग्रंथालयाला जायची वाट आहे म्हणायची. तो ३ मध्ये एक मिळवतो आणि लिहितो : ग्रंथालय, क मार्गे, ४ टप्पे.

क ची ती वाट स्वतः ब मधूनच जात होती, हे ब ला कसे कळणार? क ने फक्त आकडा सांगितला, रस्ता सांगितला नाही.

पुढे काय होते पाहा. ब सांगतो, "४". क चा मार्ग ब वरूनच असल्यामुळे त्याला ते मान्य करणे भाग आहे. तो ५ लिहितो. मग ब ६ लिहितो, क ७, ब ८... दोघेही पूर्ण प्रामाणिक आहेत, दोघेही नियम काटेकोर पाळत आहेत आणि आकडा मात्र वाढतच चालला आहे. या अवधीत ग्रंथालयाकडे निघालेली पॅकेटे ब कडून क कडे आणि क कडून ब कडे चेंडूसारखी टोलवली जातात. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो आणि तो प्रत्येक राऊटरपाशी एकाने घटतो. तो शून्य झाला की पॅकेट टाकून देतात. म्हणून ती कायमची फिरत राहत नाहीत, एवढेच समाधान.

हा आकडा थांबायचा कुठे? गणितातल्या अनंतापर्यंत मोजायला वेळ कोणाजवळ आहे? म्हणून नियम असा केला की १६ आला की तो अनंत समजावा, म्हणजे 'तिकडे जायला वाट नाही' असे मानून मोकळे व्हावे. दर ३० सेकंदांत ब आणि क एकेकदा बोलतात, म्हणजे आकडा दोनाने वाढतो. ४ पासून १६ पर्यंत जायला सहा फेऱ्या, म्हणजे सुमारे तीन मिनिटे लागतील. तीन मिनिटे जाळे भ्रमात राहिले तर चालवून घेता येते. याच हिशेबाने अनंताची किंमत १,००० ठेवली असती तर किती वेळ लागला असता? जवळजवळ पाचशे फेऱ्या, म्हणजे चार तासांहून अधिक!

याची किंमतही लगेच मोजावी लागते. १६ म्हणजे अनंत ठरल्यावर १६ टप्प्यांवरचे जाळे खरोखर असले तरी ते रिपला दिसत नाही. तार शाबूत, यंत्रे चालू, तरी वाट नाही. १५ टप्प्यांपलीकडे ही पद्धत वापरू नये, ही टिपणातली पहिलीच मर्यादा आहे. आकडा मोठा केला तर अफवा लांबते आणि लहान केला तर जग आखूड होते. ज्यांनी १६ ठरवले त्यांनी मध्यम आकाराच्या जाळ्यांचा विचार करून ठरवले, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे होते.

तोडगे आणि त्यांच्या फटी

पहिला तोडगा तुम्हालाही सुचला असेल. ज्याच्याकडून बातमी ऐकली त्यालाच ती परत सांगू नये! क ला ग्रंथालयाची वाट ब कडून कळली आहे, तेव्हा क ने ब पाशी ग्रंथालयाचे नावच काढू नये. किंवा त्याहून पक्के म्हणजे, ब ला मुद्दाम सांगावे, "माझ्यापासून ग्रंथालय १६ टप्प्यांवर आहे." मग ब चुकूनही क च्या नादी लागणार नाही. वरचा घोटाळा या एका नियमाने नाहीसा होतो.

पण राऊटर ओळीत न बसता त्रिकोणात बसले तर? ब, क आणि ड हे तिघे एकमेकांना जोडलेले आहेत आणि ब पुढे अ ला जोडलेला आहे. अ आणि ब यांच्यामधली तार तुटते. ब दोघांनाही सांगतो, "१६". क ने हे ऐकले. ड च्या कानावर मात्र ते अजून पडलेले नाही आणि नेमक्या त्याच क्षणी ड ने क ला आपले जुने पाढे ऐकवले : "ग्रंथालय ३ टप्प्यांवर." ड ने ही बातमी ब कडून ऐकली होती, क कडून नव्हे, तेव्हा क ला ती सांगण्यात त्याने कोणताही नियम मोडला नाही. क लिहितो ४ आणि ब ला सांगतो. ब लिहितो ५ आणि ड ला सांगतो. ड लिहितो ६... अफवा आता दोघांत न फिरता तिघांत फिरू लागली.

हे वाचून नीट उमगले नसेल तर वर्गात करून पाहा. चार मुलांना अ, ब, क, ड करावे. प्रत्येकाजवळ पाटी किंवा कागद असावा आणि त्यावर फक्त दोन गोष्टी असाव्यात : ग्रंथालयाचे अंतर आणि कोणाकडून कळले त्याचे नाव. शिक्षकांनी टाळी वाजवली की एकाने आपल्या शेजाऱ्यांच्या कानात आकडा सांगावा. काही टाळ्यांनंतर अ ला खोलीबाहेर पाठवावे. कोणी कोणाच्या आधी बोलायचे हा क्रम बदलून खेळ पुन्हा पुन्हा करावा. कधी वाईट बातमी चटकन पसरते, कधी आकडा सोळापर्यंत चढत जातो. घोटाळा नेमका कोणत्या क्रमाने होतो, हे मुलांनी शोधून काढावे. मोठे अभियंतेही अशा दोषाचा माग काढताना हेच करतात : कोण आधी बोलला आणि कोण नंतर, ते पाहतात.

दुसरा तोडगा असा की, वाईट बातमी सांगायला ३० सेकंद थांबूच नये; तार तुटली की तत्काळ ओरडावे. याने फायदा पुष्कळ होतो, पण वरच्यासारखी एखादी जुनी बातमी वाटेत आडवी यायची ती येतेच. म्हणून काही राऊटरांत तिसरा तोडगा घातला गेला. एखादी वाट बंद झाल्याचे कळले की काही मिनिटे त्या ठिकाणाबद्दलची कोणतीही चांगली बातमी खरी मानायची नाही. अफवा विरून जाऊ द्यायची. पण मित्रहो, त्या मिनिटांत एखादी दुसरी, खरीखुरी वाट उघडली तरी राऊटर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ताकही फुंकून पिण्याचीच ही तऱ्हा!

चव्वेचाळीस, चाळीस आणि आठ

तुम्ही म्हणाल, हा सारा गोंधळ प्रत्येकाला अपुरे ठाऊक असल्यामुळे होतो. मग प्रत्येकाला संपूर्ण नकाशाच का देऊ नये? हा विचार रिपच्या टिपणाच्या कितीतरी आधी झाला होता. त्यासाठी आपल्याला थोडे मागे, इंटरनेटच्या पूर्वजाकडे जावे लागेल.

त्या पूर्वजाचे नाव अर्पानेट. १९६९ मध्ये अमेरिकेतील चार संस्थांमध्ये ते सुरू झाले. तिथल्या राऊटरांना 'इंटरफेस मेसेज प्रोसेसर' किंवा 'इम्प' म्हणत. फ्रिजएवढी ती यंत्रे बीबीएन या कंपनीने बनवली होती. सुरुवातीला इम्पही शेजाऱ्यांच्या सांगण्यावरच विसंबत. जाळे वाढले तसे त्यातले दोष जाणवू लागले आणि १९७९ मध्ये पद्धत बदलली. आता प्रत्येक इम्प फक्त स्वतःच्या तारांची स्थिती सांगे. पण ती शेजाऱ्यालाच नव्हे तर साऱ्या जाळ्याला. ऐकणारा ती बातमी जशीच्या तशी पुढे देई. सगळ्यांच्या बातम्या जोडून प्रत्येकजण आपल्यापाशी पूर्ण नकाशा तयार करी. ऐकीव अंतरावर विसंबणे संपले.

पण एक नवी अडचण उभी राहिली. एकाच इम्पच्या दोन बातम्या वेगवेगळ्या वाटांनी आल्या तर त्यांतली ताजी कोणती? म्हणून प्रत्येक बातमीवर अनुक्रमांक घालू लागले. त्यासाठी सहा बिट दिले होते. द्विमान पद्धतीत सहा बिटांत ० ते ६३ असे ६४ आकडे मावतात. ६३ नंतर पुन्हा शून्य. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो तसेच हे ६४ घरांचे घड्याळ समजा. मग ६२ नंतरची की २ नंतरची, हे कसे ठरवायचे? नियम असा : घड्याळाच्या दिशेने जाताना एका आकड्यापासून दुसरा ३२ घरांपेक्षा कमी अंतरावर असेल तर तो दुसरा ताजा. अंतर नेमके ३२ भरले तर दोहोंत जो मोठा तो ताजा. नियमात काही खोट दिसते का? कोणालाच दिसली नाही.

२७ ऑक्टोबर १९८० या दिवशी अर्पानेट काही तास बंद पडले. एखादा भाग नव्हे, सगळे जाळे. प्रत्येक इम्प चालू होता आणि कमालीचा कामात होता, पण कोणाचाही संदेश पोचत नव्हता. तपासणीत दिसले की, सगळे इम्प ५० क्रमांकाच्या इम्पच्या बातम्या एकमेकांना अखंड पाठवीत सुटले होते. त्या बातम्यांचे अनुक्रमांक तीनच होते : ४४, ४० आणि ८.

पेन्सिल घ्या आणि हे आकडे द्विमान पद्धतीत लिहून पाहा. ४४ म्हणजे १०११००. यातला उजवीकडून तिसरा १ गळून शून्य झाला तर उरते १०१०००, म्हणजे ४०. आणखी डावीकडचा पहिला १ गळाला तर ००१०००, म्हणजे ८! २९ क्रमांकाच्या इम्पच्या यंत्रात दोष होता आणि त्यातून बिट गळत होते. एकाच खऱ्या बातमीच्या अशा दोन खोट्या प्रती तयार झाल्या. तारेवरून जाताना पॅकेट बिघडले तर ते पकडण्याची सोय इम्पमध्ये होती. पण इम्पच्या आत, मेमरीत पडून असताना बिघडले तर पकडण्याची सोय नव्हती.

आता नियम लावा. ४० पासून ४४ हा ४ घरे पुढे, म्हणून ४० पेक्षा ४४ ताजा. ८ पासून ४० हा नेमका ३२ घरे पुढे आणि मोठा, म्हणून ८ पेक्षा ४० ताजा. आणि ४४ पासून ८? ४४ पासून ६३ ओलांडून शून्यापर्यंत २० घरे आणि पुढे ८, एकूण २८. म्हणजे ४४ पेक्षा ८ ताजा! ४, ३२ आणि २८ यांची बेरीज करा. बरोबर ६४. तिघांनी मिळून घड्याळाचा एक पुरा वेढा घातला होता.

दगड-कागद-कात्री हा खेळ तुम्ही खेळला असाल. त्यात कोणीच सर्वांत वरचा नसतो. इम्पजवळ ८ असताना ४० आला, ताजा म्हणून घेतला आणि सगळ्यांना पाठवला. मग ४४ आला. घेतला आणि पाठवला. मग ८ आला. तोही ताजाच! मार्गाच्या बातम्यांना इतर सर्व कामांहून अधिक अग्रक्रम होता, त्यामुळे लोकांच्या संदेशांना वेळच उरला नाही. एखादा इम्प बंद करून पुन्हा चालू केला तर शेजारी त्याला लगेच तेच तीन आकडे ऐकवीत. आजारी माणूस बरा होऊन पुन्हा त्याच साथीच्या गावात परतावा तशी गत.

शेवटी बीबीएनच्या मंडळींनी केलेला तोडगा साधा आणि काहीसा निष्ठुर होता. '५० क्रमांकाच्या इम्पचे काहीही ऐकू नका' अशी एक ओळीची सूचना त्यांनी इम्पांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. आकडे फिरायचे थांबले आणि जाळे भानावर आले. ५० क्रमांकाच्या इम्पचा स्वतःचा यात काही अपराध नव्हता, हेही लक्षात घ्या. बीबीएनचे एरिक रोझन यांनी १९८१ मध्ये ही सारी हकीगत ७८९ क्रमांकाच्या आरएफसीत मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. महाविद्यालयात माझ्या विद्यार्थ्यांना मी एखाद्या चांगल्या प्रयोगाच्या अहवालाप्रमाणे ती वाचायला सांगतो.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे घड्याळ मोडून सरळ रेषा घेणे. रॅडिया पर्लमन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती अर्धी रेषा, अर्धे वर्तुळ अशी होती. चोखायच्या गोळीला काडी असते ना, तिच्यासारखा आकार. नावही तेच पडले, लॉलीपॉप. पुढे आलेल्या 'ओएसपीएफ' या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत वर्तुळ अजिबात काढून टाकले आणि सहाऐवजी ३२ बिट दिले. त्यात सुमारे ४२९ कोटी आकडे मावतात. एका बातमीनंतर दुसरी पाच सेकंदांच्या आत पाठवायची नाही, असाही नियम आहे. आकडे संपायला किती वर्षे लागतील? ४२९ कोटी गुणिले ५ सेकंद, भागिले वर्षातले ३ कोटी १५ लाख सेकंद. उत्तर ६८० वर्षांच्या घरात येते. तेवढ्यात राऊटर भंगारात जाईल म्हणा!

तक्त्याची पाने संपतात तेव्हा

एका संस्थेच्या जाळ्याला हे पुरते. पण जगभरची हजारो जाळी एकमेकांना जोडायची तर प्रत्येकाने सगळ्यांचा नकाशा बाळगणे अशक्य आहे. १९८९ च्या जानेवारीत कर्क लॉगहीड आणि याकोव रेख्टर या दोघा अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर एका नव्या प्रोटोकॉलचा आराखडा खरडला. त्याला 'बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल' म्हणतात आणि आजचे इंटरनेट त्याच्यावरच चालते. त्यात राऊटर नुसता आकडा सांगत नाही, तर कोणाकोणाच्या जाळ्यांतून वाट जाते ती पूर्ण यादी सांगतो. यादीत आपलेच नाव दिसले की बातमी फेकून द्यायची. आपल्या ब ला अशी सोय असती तर तो क च्या बोलण्याला भुलला नसता.

अर्थात आकडा सांगण्यापेक्षा यादी सांगायला जागा अधिक लागते. पण खरी टंचाई निराळ्याच ठिकाणी निघाली. मोठ्या राऊटरला सेकंदाला लाखो पॅकेटांचे पत्ते शोधायचे असतात. तक्ता ओळीओळीने वाचत बसला तर झालेच. म्हणून त्यात 'टीकॅम' नावाची खास मेमरी असते. वर्गात "अमुक हजेरी क्रमांकाचा कोण?" असे एकदाच विचारले की तो मुलगा हात वर करतो, बाकाबाकांवर जाऊन विचारावे लागत नाही. टीकॅमचे तसेच आहे. तिच्या सगळ्या घरांना पत्ता एकाच वेळी विचारला जातो आणि ज्याचा जुळतो ते उत्तर देते. पण प्रत्येक वेळी सगळीच घरे कामाला लागत असल्यामुळे ती वीज खाते, तापते आणि महागही असते. तेव्हा घरे मोजकीच ठेवावी लागतात.

सिस्को कंपनीच्या एका लोकप्रिय, पण जुन्या होत आलेल्या राऊटर-जातीत इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांसाठी ५१२ के, म्हणजे पाच लाखांच्या थोडी वर घरे आपोआप राखली जात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाची मार्गांची यादी त्या आकड्यापर्यंत पोचली. ती हळूहळू वाढतच होती, पण त्या दिवशी व्हेरायझन या अमेरिकन कंपनीकडून सुमारे १५ हजार जादा मार्ग थोड्या वेळापुरते जाहीर झाले आणि त्यांनी शेवटचा धक्का दिला. घर न मिळालेल्या मार्गांची पॅकेटे राऊटरच्या साध्या, मंद प्रोसेसरच्या गळ्यात पडली. त्याला ती झेपेनात. अनेक देशांत संकेतस्थळे रेंगाळली, काही दिसेनाशी झाली.

गंमत म्हणजे ही मर्यादा गुपित नव्हती. कंपनीने काही महिने आधी इशारा दिला होता आणि तोडगाही सांगितला होता. त्या मेमरीचे दोन भाग केलेले होते : एक जुन्या, ३२ बिटांच्या पत्त्यांसाठी, दुसरा नव्या, १२८ बिटांच्या पत्त्यांसाठी. नवा पत्ता लांबलचक असल्यामुळे त्याला एकाऐवजी दोन घरे लागतात. २०१४ मध्ये नवे पत्ते वापरणारे थोडेच होते, त्यांची बरीच घरे रिकामी होती. मधली भिंत सरकवा आणि नव्यांच्या वाट्यातली घरे जुन्यांना द्या, एवढेच करायचे होते. एक आज्ञा टंकायची. फक्त त्यानंतर राऊटर बंद करून पुन्हा चालू करावा लागे. आणि ज्याच्यावर शेकडो गिऱ्हाइके अवलंबून आहेत तो राऊटर कामाच्या दिवशी बंद करायला कोणाचा हात धजतो? पुष्कळांनी ते काम पुढे ढकलले होते.

काहींनी भिंत पुरेशी सरकवली. काहींनी थोडीच सरकवून ७६८ के घरे केली. त्यांना २०१९ मध्ये पुन्हा तीच पाळी आली, पण या खेपेला बहुतेकांनी आधीच तयारी केली होती, त्यामुळे फारसा बोभाटा झाला नाही. आज जुन्या पत्त्यांची यादी दहा लाखांच्या आसपास आहे. आणि ज्यांच्या वाट्यातली घरे त्या वेळी उसनी घेतली, त्या नव्या पत्त्यांची यादीही आता दोन लाखांच्या पुढे गेली आहे. भिंत अगदी टोकापर्यंत सरकवलेल्या राऊटरात त्यांच्यासाठी काही हजारच घरे उरतात.